साक्षी आणि साक्षीदार : वाल्मीच्या संध्याकाळचे एक वाक्य

एखाद्या घटनेच्या वेळी हजर असणे आणि त्या घटनेचा अर्थ सांगण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टी आपण बहुधा एकाच मापाने मोजतो. आत्मचरित्रे, रोजनिश्या, युद्धवृत्ते यांच्याविषयी लिहिताना 'प्रत्यक्षदर्शी' हे विशेषण आपल्या समीक्षेत वर्णनापेक्षा प्रशस्तीसाठीच अधिक वापरले जाते. जो तिथे होता त्याला ठाऊक असणार, अशी त्यामागची भाबडी पण बळकट समजूत असते. खोट्या साक्षी या समजुतीला फारसा धक्का देत नाहीत. साक्ष खोटी आहे एवढे सिद्ध झाले की त्यांचे प्रकरण मिटते. अडचण उभी राहते ती खऱ्या साक्षीपाशी. साक्षीदार खरोखरच तिथे होता, त्याने पाहिलेले नेमकेपणाने टिपले, त्याने काढलेला अर्थही पुढील पिढ्यांनी जवळजवळ एकमुखाने मान्य केला, आणि तरीही तो अर्थ काढण्याचा त्याला अधिकार होता काय हा प्रश्न शिल्लक राहतो, असे काही वेळा घडते. अशा एका वाक्याचा विचार येथे करावयाचा आहे. २० सप्टेंबर १७९२ च्या संध्याकाळी, ईशान्य फ्रान्समधील वाल्मी या गावाजवळ, प्रशियन सैन्याच्या तळावर योहान वोल्फगांग गटे याने ते उच्चारले, असे तो स्वतःच सांगतो. त्याचा आशय थोडक्यात असा : जगाच्या इतिहासाचे नवे पर्व इथून सुरू झाले, आणि ऐकणाऱ्यांपाशी आता 'आम्ही त्या वेळी होतो' असे म्हणण्याजोगे काही आहे. हे तो सांगतो ते १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रान्समधील मोहीम' या आत्मचरित्रपर ग्रंथात. म्हणजे घटनेनंतर तब्बल तीस वर्षांनी.

मराठी वाचकाला गटे ठाऊक असतो तो मुख्यतः 'शाकुंतल' डोक्यावर घेऊन नाचलेला कवी म्हणून. तो नाचल्याला पुरावा नाही. त्याने त्या नाटकावर १७९१ मध्ये चार ओळींचे एक कवन रचले, याला आहे. एखाद्याच्या अभिप्रायाचे रूपांतर प्रसंगात कसे होते, याचा हा आपल्या घरचाच नमुना म्हणावा लागेल. ज्या जर्मन अनुवादातून गटेला 'शाकुंतल' भेटले तो गेओर्ग फोर्स्टर याने विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून केला होता. या फोर्स्टरकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आधी लढाईविषयी. एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि प्रशिया ऑस्ट्रियाच्या बाजूने त्यात उतरला. २५ जुलैला सरसेनापती ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या नावाने एक जाहीरनामा निघाला : फ्रेंच राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिसची धडगत नाही. परिणाम उलटा झाला. १० ऑगस्टला जमावाने राजवाडा घेतला आणि राजा कैदेत गेला. २३ ऑगस्टला लाँग्वी आणि २ सप्टेंबरला व्हेर्दां ही ठाणी प्रशियनांच्या हाती आली, आणि त्याच दिवसापासून पॅरिसच्या तुरुंगांमध्ये कैद्यांची कत्तल सुरू झाली. पुढे आर्गोनच्या जंगलातील वाटा ओलांडून प्रशियन फौज पश्चिमेकडे सरकली, पण द्यूमूरिए आणि केलरमान यांची सैन्ये तिच्या मागच्या अंगाला राहिली. त्यामुळे २० तारखेला दोन्ही फौजा जणू उलट्या तोंडांनी उभ्या होत्या : प्रशियनांच्या पाठीशी पॅरिस, फ्रेंचांच्या पाठीशी जर्मनी.

सकाळी दाट धुके होते. ते विरले तेव्हा केलरमानची फौज वाल्मीच्या टेकडीवर, पवनचक्कीभोवती, उघड्यावर दिसली. समोर सुमारे ३५,००० प्रशियन. तोफांची देवघेव सुरू झाली. दिवसभरात दोन्ही बाजूंनी झाडलेल्या गोळ्यांची संख्या सामान्यतः २०,००० च्या घरात सांगितली जाते. पावसाने भिजलेल्या चिखलात पुष्कळ गोळे नुसतेच रुतले. दुपारी फ्रेंचांचे दारूगोळ्याचे गाडे पेटले, फळी क्षणभर डगमगली, पण मोडली नाही. केलरमानने तलवारीच्या टोकावर टोपी चढवून राष्ट्राचा जयघोष केला आणि सैनिकांनी तो उचलून धरला. प्रशियन पायदळ थोडे पुढे आले आणि थांबविण्यात आले. येथे लढावयाचे नाही असा निर्णय ब्रुन्सविकने घेतला. फ्रेंचांची हानी सुमारे ३००, प्रशियनांची २०० च्या आत. दहा दिवसांनी प्रशियन फौज पावसात, चिखलात, हगवणीच्या साथीत माघारी वळली. जितके लोक तोफांनी मारले त्याहून कितीतरी अधिक त्या साथीने मारले.

एवढ्याशा घटनेला एवढा मोठा अर्थ, ही विसंगती समकालीनांनाही पेलली नाही. वाल्मीच्या 'लढाई'ऐवजी अनेकांनी वाल्मीचा 'तोफमारा' एवढेच म्हणणे पसंत केले. दुसऱ्या बाजूने अफवा उठल्या : ब्रुन्सविकला लाच मिळाली असावी, त्याच आठवड्यात पॅरिसमधून चोरीला गेलेले राजमुकुटाचे जवाहीर त्यासाठीच वापरले असावे, फ्रीमेसन मंडळींचा गुप्त करार असावा. कारण आणि परिणाम यांच्यातील माप जुळत नाही असे दिसले की माणसे गुप्त कारण कल्पितात. तत्त्वज्ञ अशा वेळी युगाची कल्पना करतात. या दोन प्रवृत्ती आपण समजतो तितक्या परस्परांपासून दूर नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. शिवाय नव्या युगाची म्हणून जी सामग्री सांगितली जाते ती तपासली तर ती बरीचशी जुनीच निघते. चांभार-शिंप्यांच्या स्वयंसेवक सेनेने राजांच्या फौजेला थोपविले, ही दंतकथा. त्या दिवशी निर्णायक ठरला तो तोफखाना, आणि तो जुन्या राजसत्तेने घडविलेला, तिच्याच शाळांत शिकलेल्या तोफच्यांचा होता. केलरमानच्या पायदळातही जुन्या पलटणींचा भरणा मोठा होता. आणि केलरमान स्वतः? नेपोलियनने १८०८ मध्ये त्याला वाल्मीचा ड्यूक केले.

आता वाक्याकडे वळू. आर्थर दान्तो याने १९६५ च्या आपल्या इतिहासमीमांसेत 'कथनात्मक वाक्य' अशी एक कोटी मांडली आहे. जी वाक्ये एका घटनेचे वर्णन तिच्यानंतर घडलेल्या दुसऱ्या घटनेच्या संदर्भात करतात ती या कोटीतील. तीस वर्षांचे युद्ध १६१८ मध्ये सुरू झाले, हे वाक्य आज खरे आहे. १६१८ मध्ये ते कोणालाच म्हणता आले नसते. दान्तो एका आदर्श वृत्तकाराची कल्पना करतो. त्याला प्रत्येक क्षणी घडणारे सर्व काही कळते आणि तो ते तत्क्षणी लिहितो. पण कथनात्मक वाक्य तेवढे त्याला लिहिता येत नाही, कारण त्यासाठी सर्वज्ञता पुरत नाही, भविष्यकाळ लागतो. गटेचे वाक्य या कोटीचे सरळ उल्लंघन आहे. ते रूपाने कथनात्मक आहे आणि काळाने वर्तमान. म्हणजे ते एक तर भविष्यकथन आहे, नाही तर मागाहून त्या संध्याकाळच्या तोंडी घातलेले आहे.

अभ्यासकांचा कल बहुधा दुसऱ्या पर्यायाकडे राहिला आहे. ग्रंथ रचताना गटेने इतरांच्या टिपणांचा आणि प्रसिद्ध झालेल्या आठवणींचा भरपूर उपयोग केला, आणि मासेनबाख या प्रशियन अधिकाऱ्याच्या १८०९ च्या आठवणींत त्या दिवसाने जगाचे रूप पालटले अशा अर्थाचा अभिप्राय आधीच आलेला होता. ग्रंथासोबतच प्रसिद्ध झालेल्या मेंझच्या वेढ्यावरील वृत्तान्तात गटे स्वतःच्या वाक्याला जणू साक्षीदारही उभे करतो : काही अधिकाऱ्यांना त्याचे ते भाकीत आठवते, आणि फ्रेंचांनी आपली कालगणनाच त्या दिवसांपासून मोजावयास घेतली म्हणून ते अक्षरशः खरे ठरले असे म्हटले जाते. येथे थोडे थांबावयास हवे. फ्रेंच प्रजासत्ताकाची कालगणना २२ सप्टेंबरपासून सुरू होते ती वाल्मीमुळे नव्हे, राजेशाही रद्द झाल्यामुळे; आणि २१ तारखेला राष्ट्रीय परिषदेने तो ठराव केला तेव्हा वाल्मीची वार्ता पॅरिसला पोहोचलीही नव्हती. युग ज्या जागेपासून सुरू झाले असे म्हणावयाचे ती जागा शंभर मैलांहून अधिक दूर होती, आणि तेथील माणसांना या जागेची खबर नव्हती.

तरीही 'हे वाक्य मागाहून रचले' एवढ्यावर समाधान मानणे हा आळस आहे. वाल्मीनंतर आठवड्याने, २७ सप्टेंबर १७९२ रोजी, क्नेबेल या मित्राला लिहिलेल्या गटेच्या पत्रात 'महत्त्वाचे पर्व' ही कल्पना आणि हे सारे डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान, दोन्ही आहेत. म्हणजे बीज तिथेच होते. तीस वर्षांत वाढला तो त्याचा स्वर. रचनेची तारीख ठरवून साक्षीचे मूल्य ठरत नाही. मागाहून लिहिलेली साक्ष अधिक खरी असू शकते, आणि जागच्या जागी लिहिलेली साक्ष नुसती गोंधळलेली. प्रश्न तारखेचा नसून नात्याचा आहे : बोलणारा ज्या गोष्टीविषयी बोलतो तिच्याशी तो कोणत्या नात्याने बांधलेला आहे?

या ठिकाणी मराठी भाषा आपल्याला एक भेद आयता पुरविते. 'साक्षी' आणि 'साक्षीदार' हे शब्द एकाच मुळाचे. पण त्यांची घरे वेगळी. साक्षी हा दर्शनग्रंथांतला. सांख्यांचा पुरुष पाहतो, म्हणूनच करीत नाही; अद्वैतातील साक्षी तर अंतःकरणाच्या साऱ्या वृत्ती उजळतो आणि एकीनेही माखत नाही. उपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी फळ न खाता नुसते पाहणारा तो हाच. साक्षीदार कचेरीतला. त्याला नाव-गाव सांगावे लागते, शपथ घ्यावी लागते, तो कुठे उभा होता, उजेड किती होता, कोणाशी त्याचे वैर होते, हे सारे विचारले जाते. साक्षीची उलटतपासणी होत नाही. साक्षीदाराची होते, आणि तीतच त्याचे मोल आहे. साक्षी कोणाचाच नसतो. साक्षीदार नेहमी कोणाचा तरी असतो, निदान कोणाच्या तरी प्रकरणातला. इतकेच नव्हे, 'तटस्थ' हा आपला लाडका समीक्षाशब्दही मुळात काठावर उभ्या असलेल्याचा आहे, आणि कोणत्या काठावर हे तो शब्द गिळून टाकतो.

गटे वाल्मीला साक्षीदार म्हणून गेला होता, साक्षी म्हणून परतला, असे सुटसुटीत विधान करण्याचा मोह होतो. ग्रंथ ते होऊ देत नाही. वायमारचा ड्यूक कार्ल आउगुस्ट प्रशियन सेवेत एका रेजिमेंटचा प्रमुख होता, आणि त्याच्या सोबतीसाठी हा त्रेचाळीस वर्षांचा कवी-मंत्री मोहिमेवर आला होता. मोहिमेच्या वाटेवरही त्याचे लक्ष रंगमीमांसेत. व्हेर्दांच्या तळावर पाण्यात पडलेल्या खापरीच्या कडेला दिसणारे रंग तो तासन्‌तास न्याहाळतो. २० तारखेला मारा ऐन भरात असता तो एकटा घोड्यावरून ला ल्यूनच्या बाजूला, जिथे गोळे पडत होते तिथे, मुद्दाम जातो. हेतू असा की तोफेच्या माऱ्यात माणसाला चढतो म्हणतात तो ज्वर कसा असतो ते अनुभवावे. गोळ्यांच्या आवाजात त्याला भोवऱ्याची घूं घूं, पाण्याची बुडबुड आणि पाखराची शीळ यांचा मिलाफ ऐकू येतो. जग तांबूस-तपकिरी रंगात बुडाल्यासारखे दिसते. दृष्टी मात्र तशीच राहते. तो आपल्या अंगातील उष्णतेची नोंद घेतो, परत फिरतो, आणि सारे ओसरते.

हे पान युरोपीय गद्यातील एक विलक्षण पान आहे. येथे निरीक्षक आणि निरीक्षित एकच आहेत. भय वाटते आहे आणि त्या भयाकडे कोणी तरी शांतपणे पाहतो आहे. अद्वैतातील साक्षीला इतका जवळ जाणारा वृत्तान्त क्वचितच सापडेल. कान्टने १७९० मध्ये उदात्ताची मीमांसा करताना भयंकराचा आनंद घेण्यासाठी पाहणारा सुरक्षित असला पाहिजे अशी अट घातली होती. सुव्यवस्थेने आणि नागरिकांच्या हक्कांचा मान राखून चालविलेल्या युद्धालाही त्याने उदात्ताचा मान दिला होता. गटे ती सुरक्षिततेची अट मोडतो, एवढे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तो ती मोडतो स्वतःच्या अनुभवासाठी. ला ल्यूनला जे मरत होते ते त्या प्रयोगाची परिस्थिती होते, विषय नव्हते. शरीर धोक्यात घातले म्हणून अधिकार मिळतो, असे आपण मानतो. पण ज्याने धोका पत्करला त्याला परत फिरण्याची मुभा होती आणि त्याच्या शेजारच्या शिपायाला ती नव्हती, हा फरक त्या पानात कुठेच उमटत नाही.

कान्टचा उल्लेख आलाच आहे, तर १७९८ च्या त्याच्या 'विद्याशाखांचा कलह' या ग्रंथातील प्रसिद्ध प्रकरणाकडेही पाहावयास हवे. मानवजात नैतिक दृष्ट्या पुढे जाते आहे याचे चिन्ह कोणते, असा तेथील प्रश्न आहे. कान्टचे उत्तर अनपेक्षित आहे : क्रांती हे ते चिन्ह नव्हे, क्रांतिकारकांची कृत्येही नव्हेत; ती यशस्वी होवो वा रक्तात बुडो, तिच्याकडे दुरून पाहणाऱ्यांच्या मनात जी निःस्वार्थ, जवळजवळ उत्साहाची म्हणावी अशी सहानुभूती उपजते, ते ते चिन्ह. आरेन्टने या प्रेक्षकाच्या आधारावर निर्णयशक्तीचा विचार मांडला, फुकोने त्यात आधुनिकतेचा आत्मप्रश्न वाचला, ल्योतारने त्याच उत्साहावर एक पुस्तक लिहिले. आपल्याकडील उत्तर-संरचनावादी चर्चेत कान्टचा हा प्रेक्षक अर्थाचा खरा निर्माता म्हणून मिरविला जातो, आणि कर्त्यापेक्षा वाचक श्रेष्ठ या सिद्धान्ताला त्याने पूर्वजाचा आधार मिळतो.

पण कान्टच्या युक्तिवादातील एक कलम या मिरवणुकीत हमखास गळते. ही सहानुभूती उघड करण्यात धोका होता, असे तो स्पष्ट म्हणतो, आणि म्हणूनच तिला पुराव्याचे मोल आहे. त्याला ते स्वानुभवाने ठाऊक होते. धर्मविषयक लेखनासाठी १७९४ मध्ये त्याला जी राजाज्ञेची तंबी मिळाली ती फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याच्या नावाने. आणि हाच राजा २० सप्टेंबर १७९२ ला वाल्मीच्या समोरच्या टेकाडावर हजर होता. राजा १७९७ मध्ये वारला, त्यानंतरच कान्टने हा ग्रंथ छापला. म्हणजे कोनिग्सबर्ग सोडून कधी फारसा दूर न गेलेला हा वृद्ध प्रेक्षक लढाईपासून शेकडो मैल लांब होता खरा, पण आपल्या निवाड्याच्या परिणामांपासून लांब नव्हता. गटेचे नेमके उलट आहे. त्याचे शरीर गोळ्यांच्या टप्प्यात होते. त्याच्या वाक्याची किंमत मात्र त्याला १७९२ मध्ये मोजावी लागली नाही आणि १८२२ मध्ये मोजण्याचे कारणच नव्हते. पाहणाऱ्याच्या अंतरावर आपण इतकी चर्चा केली, पण अंतर दोन प्रकारचे असते, घटनेपासूनचे आणि परिणामापासूनचे, हा साधा भेद केला नाही.

फोर्स्टरचे स्थान या भेदात पाहावे. मोहिमेवर निघालेला गटे ऑगस्ट १७९२ मध्ये मेंझला थांबला आणि तेथे फोर्स्टर व इतर मित्रांबरोबर त्याने दोन संध्याकाळी घालविल्या. राजकारणाचा विषय सर्वांनीच टाळला. यजमानांचा कल प्रजासत्ताकाकडे, आणि पाहुणा त्याच प्रवृत्तीचा निकाल लावायला निघालेल्या सैन्याबरोबर. इतके सुसंस्कृत मौन वाचताना अवघडल्यासारखे होते. दोन महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला, मेंझ फ्रेंचांच्या हाती गेले. फोर्स्टर तेथील जाकोबँ क्लबात गेला, मेंझच्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून १७९३ च्या मार्चमध्ये पॅरिसला पोहोचला, मायदेशी बहिष्कृत ठरला, आणि जानेवारी १७९४ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, तिथेच मरण पावला. नवे युग सुरू झाले असे त्यालाही वाटत होते. ते त्याने वाक्यात म्हणण्याऐवजी आयुष्यात म्हटले, आणि त्या युगाचे भयंकर रूप पॅरिसमध्ये पाहूनही पाठ फिरविली नाही. फोर्स्टर बरोबर होता की चूक, हा वेगळा वाद आहे. त्याची साक्ष तपासता येते, कारण तिला एक खाते आहे आणि त्यात जमा-खर्च दोन्ही आहेत.

गटेच्या वाक्यात दोन कलमे आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिले युगाविषयीचे, दुसरे हजेरीविषयीचे. अवतरण बहुतेक पहिल्याचे होते. नैतिक गुंता दुसऱ्यात आहे. ते वाक्य कोणाला म्हटले गेले? शेकोटीसुद्धा न पेटविता वर्तुळ करून बसलेल्या, सकाळी फ्रेंचांना गिळून टाकण्याची भाषा करणाऱ्या आणि आता एकमेकांच्या नजरा चुकविणाऱ्या अधिकाऱ्यांना. एरवी चार शब्दांनी मंडळींना रिझविणाऱ्या कवीला त्यांनी बोलते केले. म्हणजे वाक्याचा प्रकार सांत्वनाचा आहे. जिंकलात असे तुम्हांला म्हणता येत नाही, होतात असे म्हणता येईल. पराजयाच्या बदल्यात हजेरी. सांत्वन म्हणून ते मानवी आहे, विनोदाची एक बारीक कडाही त्याला आहे. परंतु 'म्हणता येईल' हे क्रियापद जिवंतांचेच असू शकते. त्या दिवशीचे पाचशेच्या आसपास मृत आणि जखमी, आणि पुढच्या पंधरवड्यात हगवणीने रस्त्याकडेला पडलेले कितीतरी, हे ज्या अर्थाने तिथे होते त्या अर्थाने दुसरे कोणीच नव्हते; आणि आपण तिथे होतो असे म्हणणे त्यांतल्या मृतांनाच अशक्य आहे. त्यांच्या मरणाने युग सुरू झाले, आणि त्या मरणावरची मालकी वाचलेल्यांच्या आठवणीकडे गेली.

याविरुद्ध कोणी म्हणेल की मरणाला अर्थ देणे हे तर जिवंतांचे कर्तव्यच आहे; अर्थ न देणे अधिक क्रूर. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर सोपे उत्तर नाही. स्तांदालने १८३९ च्या 'पार्माचा मठ' या कादंबरीत त्याचे दुसरे टोक दाखविले आहे. त्याचा फाब्रीस वॉटर्लूच्या रणांगणावर दिवसभर भटकतो, धूर आणि चिखल पाहतो, त्याचा घोडा काढून घेतला जातो, आणि आपण पाहिले ती लढाई होती काय, असल्यास ती वॉटर्लूचीच काय, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. टॉलस्टॉयने युद्ध कसे लिहावे हे आपण येथून शिकलो अशी कबुली दिली होती. फाब्रीस हा निखळ साक्षीदार. इतका, की त्याच्याजवळ सांगण्याजोगे काहीच उरत नाही. गटेजवळ सांगण्याजोगे फार आहे, फाब्रीसजवळ काहीच नाही. समीक्षेने आधुनिक म्हणून फाब्रीसची बाजू घेतली, हे समजण्याजोगे आहे. पण मृतांची बाजू त्यामुळे घेतली गेली असे मात्र नाही. ज्याला काहीच कळले नाही त्याच्या अज्ञानात कोणी मेलेला दिसत नाही, तसाच ज्याला सारे कळले त्याच्या ज्ञानातही दिसत नाही.

अर्थ द्यावा की नाही, असा प्रश्न मांडण्यात म्हणूनच काही गफलत आहे. अर्थ कोणत्या स्वरात द्यावा, हे पाहणे अधिक फलदायी. क्नेबेलला लिहिलेल्या त्या पत्राचा येथे पुन्हा विचार करावा लागतो. तेथे गटे व्हर्जिलच्या महाकाव्यातील एका वचनाशी खेळतो. ट्रॉयच्या नाशाची कथा सांगू लागताना एनियास म्हणतो की या साऱ्यात माझा मोठा वाटा होता. गटे लॅटिनमधले ते विशेषण बदलून आपला वाटा सर्वांत लहान होता असे करतो. एनियास पराभूतांपैकी आहे, आपले नगर जळताना त्याने पाहिले, आणि सांगताना त्याला यातना होतात. त्याच्या जागी स्वतःला ठेवून गटेने लगेच स्वतःला लहान केले. १७९२ च्या या वाक्यात हजेरीची हौस आहेच, पण तिचे मापही आहे. १८२२ च्या वाक्यातून ते मापाचे विशेषण गेले. मधल्या काळात ब्रुन्सविक १८०६ मध्ये आउअरश्टेटला प्राणांतिक जखमी झाला होता, वायमार लुटले गेले होते, फ्रेंच शिपाई गटेच्या घरात शिरले होते, नेपोलियन येऊन गेला होता आणि फ्रान्समध्ये जुने राजघराणे परत गादीवर बसले होते. इतके सारे उलटसुलट झाल्यावर कोणता तरी एक आरंभबिंदू हवासा वाटणे स्वाभाविकच. स्मारकांचेही असेच असते. वाल्मीच्या टेकडीवरची पवनचक्की शत्रूला नेम धरायला सोयीची म्हणून केलरमानने लढाईच्या दिवशीच पाडायला लावली. नंतर तिच्या स्मृत्यर्थ उभारलेली चक्की डिसेंबर १९९९ च्या वादळात कोसळली, आणि आज जी उभी आहे ती २००५ मधली. पाहायला येणारे तिलाच त्या दिवसाची साक्षी मानतात.

मात्र दोष एकट्या गटेवर टाकता येत नाही. किंबहुना तो मुख्यतः आपल्यावर, अवतरणे जमविणाऱ्यांवर येतो. 'फ्रान्समधील मोहीम' सलग वाचणाऱ्याला जाणवते की पुस्तकाचा मोठा भाग त्या वाक्याला उत्तर देत बसलेला आहे. पाऊस, रुतलेली चाके, मेलेले घोडे, रिकाम्या घरांत शिरलेले शिपाई, शेतकऱ्यांवर लादलेली वेठ, आजाऱ्यांचे गाडे : माघारीची ही पाने लढाईच्या पानांहून कितीतरी अधिक आहेत. तेथे युग नाही, रस्ता आहे. संहिता आपल्याच निवेदकाची उलटतपासणी घेते आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ही उलटतपासणी गटेने हेतुतः योजिली होती काय, हे ठरविण्याची गरज नाही. वाक्य पुस्तकातून उचलून शिलालेखासारखे वापरले की ती थांबते, आणि साक्षीदाराचा साक्षी होतो, एवढे खरे. इतिहासग्रंथ हे करतात ते सोयीसाठी. साहित्यसमीक्षेला ती सवलत नाही, कारण वाक्य आणि त्याच्या भोवतीची पाने यांच्यातील ताण हाच तिचा अभ्यासविषय.

त्या रात्रीच्या वर्णनात पुढे असे येते की वारा बोचरा होता आणि निवाऱ्याला काही नव्हते, तेव्हा जमिनीत खड्डे खणण्यात आले आणि मंडळी झगे लपेटून त्यांत पडून राहिली. ड्यूकनेही कमीपणा मानला नाही. गटे या झोपण्याला वेळेआधीच झालेल्या दफनाची उपमा देतो, आणि पुढची नोंद करतो.